एकशे बारा नंबरचा शेवट

आमच्या कॉलनीत कादंबरीचा शेवट कुंकवावरून कळायचा. ही चाल कुणी पाडली ते मला ठाऊक नाही. मी वाचायला लागले तेव्हा ती होतीच. घाटकोपरला आमच्या इमारतीत तळमजल्यावर सामंतकाका राहायचे. निवृत्त, एकटे, दम्याचे. त्यांनी पुढच्या खोलीत वाचनालय थाटलं होतं. प्रत्येक कादंबरीला खाकी कागदाचं कव्हर आणि त्यावर निळ्या शाईत नंबर. पुस्तकाचं नाव कुणी घ्यायचंच नाही. "काका, त्र्याऐंशी आलं का?" "काका, चाळीस नको, त्यात सासू फार छळते." वाचणाऱ्या सगळ्या बायका. धुणीभांडी आटोपून दुपारी तासभर अंग टेकायला मिळायचं, त्यात पुस्तक वाचायचं, आणि वाचून वर रडत बसायला कुणाला फुरसत होती? म्हणून शेवट गोड निघाला तर वाचणारीनं मागच्या पुठ्ठ्याच्या आत कुंकवाचं बोट टेकवायचं. काही पुस्तकांवर अशी दहा-बारा बोटं. सामंतकाका चिडायचे, "अहो, पुस्तक आहे की देव्हारा?" पण त्यांनी एकही बोट कधी पुसलं नाही, आणि कुणी नवीन बाई आली की स्वतःच मागचा पुठ्ठा उघडून बघायचे आणि मग पुस्तक हातात ठेवायचे.

मी त्यांच्याकडून पुस्तकं न्यायची ती माझ्यासाठी नव्हे, ताईसाठी. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिचं नाव सुमन. एका ऑफिसात टायपिंग करायची, बोटं इतकी चालायची की घरीसुद्धा ताटाच्या काठावर वाजत राहायची. मग एका वर्षी ती गप्प होत गेली. आधी ऑफिस सुटलं, मग केस विंचरणं सुटलं, मग जेवण. गॅलरीतल्या कोपऱ्यात पाटावर बसायची आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. आईनं दृष्ट काढली, गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, कुणी सांगितलं म्हणून मिरच्या जाळल्या. त्या ठसक्यानं आम्ही सगळे खोकलो, एकटी ताई खोकली नाही. शेवटी बाबांनी तिला मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथं दर सोमवारी मनाच्या आजारांचे डॉक्टर बसत. त्यांनी गोळ्या दिल्या आणि बाबांना दोनदा बजावलं, की बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमन झाले. साच्यावर, म्हणजे मागावर, पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला गेटावर स्टुलावर बसून राहायचं म्हणजे शिक्षाच, पण ते बोलायचे नाहीत. आई बोलायची, तीही मालवणीत आणि मुख्यतः भांड्यांशी. आमच्या दोन खोल्यांत सकाळ उजाडायची ती खालच्या नळाच्या सूं सूं आवाजानं आणि आईच्या खोबरं खवण्यानं. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, सुकटाचं तिखलं, आणि रविवारी जमलं तर बांगडा. वारा फिरला की देवनारच्या कचऱ्याचा जळका वास यायचा, मग आई खिडक्या लावून घ्यायची आणि तिखल्याचा वास आतच कोंडायचा. आज कुणी विचारलं तुझं बालपण कसं होतं, तर मला आधी तो वास आठवतो, मग बाकीचं.

गोळ्यांनी ताई जेवायला लागली, झोपायला लागली, हो-नाही म्हणायला लागली. पण गोळ्यांनी आणखीही बरंच केलं. तिचे हात कापायचे. तोंड कोरडं पडायचं म्हणून ती सारखी खडीसाखर चघळायची. अंगानं सुटली, जुने ब्लाउज होईनात. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे तरंगायची, म्हणून वाचता यायचं नाही. मी तेव्हा अकरावीत, कॉलेज सकाळचं. दुपारी आई निजली की मी गॅलरीत ताईच्या पायाशी बसून कादंबरी मोठ्यानं वाचायची. वाचता वाचता तिच्या चेहऱ्यावर काही हललं तर मला लॉटरी लागल्यासारखं व्हायचं. आई म्हणायची, "वाचून काय होतला? लगीन झाला काय बरी होतली." हे आईचं एकटीचं मत नव्हतं. कॉलनीतल्या सगळ्या बायकांचं तेच मत होतं, आणि खरं सांगायचं तर सामंतकाकांच्या कपाटातल्या सगळ्या लेखकांचंही तेच होतं.

त्या कादंबऱ्यांत वेड लागलेल्या मुली पुष्कळ होत्या. वाचून वाचून मला त्यांच्या दोन जाती कळल्या होत्या. एक माडीवर कोंडलेली, केस सोडलेली, जी शेवटी जळून किंवा बुडून मरायची, म्हणजे नायकाला दुसरीशी लग्न करायला मोकळीक. दुसरी प्रेमभंगानं मुकी झालेली, फार सुंदर, तिचा प्रियकर परत आला आणि तिला हाक मारली की ती खाडकन शुद्धीवर यायची. कुंकवाचं बोट या दुसरीच्या वाट्याला. दोघींपैकी एकीचेही हात कापायचे नाहीत. एकीलाही सोमवारी लाकडी बाकावर चार तास बसायला लागायचं नाही. मला तेव्हा याचं काही वाटलं नाही. मला वाटायचं, ताईचं वेड जरा कमी दर्जाचं आहे.

मी कुंकू बघूनच पुस्तक आणायची. एकदाच चुकले. सामंतकाकांनी एकशे बारा नंबरला नुकतंच नवं कव्हर घातलं होतं, कागद मागच्या पुठ्ठ्यावर आतपर्यंत दुमडून चिकटवलेला, त्यामुळे बोट आहे की नाही ते दिसेना. मी तसंच आणलं. त्यातली मुलगी गप्प होत जाते, केस विंचरत नाही, भिंतीकडे बघत बसते. दुसऱ्याच दिवशी ताई पाटावर ताठ बसली आणि म्हणाली, "हे परत वाच." कितीतरी महिन्यांनी तिनं आपणहून पुरं वाक्य उच्चारलं होतं. त्यानंतर रोज दुपारी ती माझ्याआधी गॅलरीत येऊन बसायची. आई दारात उभी राहून ऐकायची आणि मला खुणेनं सांगायची, थांबू नकोस.

शेवटचं प्रकरण उरलं तेव्हा मी ते आधी एकटीनं वाचून घेतलं, नळावर नंबर लावून उभी असताना. नायकाचं दुसरीकडे लग्न लागतं, वरातीचा बाजा वाजत असतो आणि ही मुलगी विहिरीत उडी घेते. नायक फुलं वाहतो. पुस्तक संपतं. माझी नळाखालची बादली भरून वाहत होती, मागची बाई ओरडत होती, आणि मला एकच प्रश्न पडला होता, हे मी ताईला कसं वाचून दाखवू?

मी नाही दाखवलं. दुपारी पुस्तक उघडं धरलं, डोळे ओळींवरून फिरवत ठेवले आणि मनानं शेवट रचला. नायक मांडवातून निघून तिच्याकडे येतो. ती खिडकी उघडते, औषधाच्या बाटल्या एकेक करून बाहेर भिरकावते. तो म्हणतो, "आता माझा हात हेच तुझं औषध." हे वाक्य मला आयत्या वेळी सुचलं होतं आणि त्याचा मला भयंकर अभिमान वाटला. सोळाव्या वर्षी माणूस किती आगाऊ असतो! ताई हसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, शेवट परत वाच. आता माझी पंचाईत. मग मी तो शेवट वहीच्या कागदावर लिहून काढला, कागद पुस्तकात ठेवला आणि आईच्या करंड्यातलं कुंकू घेऊन मागच्या पुठ्ठ्यावर माझं बोट टेकवलं. खोट्या शेवटाला खोटं कुंकू. पुस्तक परत द्यायची वेळ आली की मी सामंतकाकांकडून मुदत वाढवून आणायची.

माझी लेक मला हल्ली तिच्या आवडीच्या प्रेमकथा आणून देते. नव्या लेखिकांच्या, तरुण मुलामुलींच्या. त्यांतल्या नायिकांच्या पर्समध्ये गोळ्या असतात, त्या आठवड्यातून एकदा कुणाशी तरी बोलायला जातात, आणि नायक बाहेर गाडीत वाट बघत बसतो. लेक म्हणते, "आई, आता रिप्रेझेंटेशन किती सुधारलंय बघ ना." मी शाळेच्या वाचनालयात तीस वर्षं काढली. पुस्तकांबद्दल मला आता पटकन आनंद होत नाही. या नायिकासुद्धा रडताना सुंदरच दिसतात, त्यांचं वजन वाढत नाही, तोंड कोरडं पडत नाही आणि आजार कसा साजून दिसतो त्यांना. मी असं म्हटलं की लेक चिडते. पण एक कबूल करते, त्या पुस्तकांत गोळ्या कुणी खिडकीबाहेर फेकत नाही. तेवढ्यासाठी मी ती निमूटपणे वाचते.

तर, ताईला स्थळ आलं. वाकोल्याच्या मामीनं आणलं. मुलगा तिच्याच चाळीतला, प्रकाश, वीजमीटर दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला, घरी आई तेवढी. बघायला येण्याच्या आदल्या दिवशी आईनं गोळ्यांचा डबा फळीवरून काढून तांदळाच्या पिंपात खुपसला आणि मला दटावलं, "गोळयेचा नाव काढलंस कोणाच्या फुड्यात तर बघ. माज्या चेडवाचा वाटोळा होतला." बाबा म्हणाले, "अगो, डाक्टर काय म्हणालो? सांगूक होया त्यांका." आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून चपला घालून बाहेरच गेले.

चहाचा ट्रे घेऊन ताई आली तेव्हा तिचे हात कापत होते. कप वाजले, चहा बशीत सांडला आणि बशीतून प्रकाशच्या पॅन्टवर. आई हसून म्हणाली, "लाजता ती." प्रकाशनं खिशातला रुमाल काढला. मला वाटलं पॅन्ट पुसेल. त्यानं तो ताईपुढे धरला आणि म्हणाला, "गरम आहे. तुम्हाला भाजलं नाही ना?" एवढंच. बुटका, सावळा, तेल लावून भांग पाडलेला साधा माणूस. पण त्या रुमालापाशी माझ्या ताईचं सगळं ठरलं. त्यांचा होकार आला. साखरपुड्याचा दिवस धरला. आईनं पोपटी साडी आणली आणि ताई ती दिवसातून दोनदा उघडून बघायला लागली.

आठवडाभरानं मी गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालताना मातीत पांढरा चिखल दिसला. बोटानं उकरलं तर अर्धवट विरघळलेल्या गोळ्या. मागे ताई उभी होती. तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"बघ. कापतात का? नाही ना?"

"ताई, डॉक्टरनी सांगितलंय."

"डॉक्टरांना काय माहीत प्रकाशचं?" तिचे डोळे चमकत होते. "आता मला गरज नाही गं. तूच वाचलंस ना?"

मी तेव्हा सांगायला हवं होतं. ताई, ते पुस्तकात नाही, ते मी रचलंय. दहा शब्दही नव्हते. पण ती इतकी छान दिसत होती, केस विंचरलेली, वेणीत अबोली, आणि मला वाटलं, कदाचित खरंच असेल. कदाचित मला जे सुचलं ते कुठून तरी खरं असेल म्हणूनच सुचलं असेल. मी तुळशीतली माती वरखाली करून गोळ्या पुन्हा झाकून टाकल्या. आईलाही कळलं असणार. हात कापायचे थांबलेत हे तिनं बघितलं, देवापुढे साखर ठेवली, आणि पिंपातला डबा उघडून बघायच्या भानगडीत ती पडली नाही.

दोन-तीन आठवडे घरात सण होता. ताई गाणी म्हणायची, पाट्यावर वाटण वाटायची, शेजारच्या मुलांची अंगं धुवून द्यायची. मग ती जरा जास्तच बोलायला लागली. एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं. पहाटे उठून बघावं तर भांडी घासून लखलखीत आणि ही परत तीच घासते आहे. आई म्हणायची, लग्नघाई. मी मानेनं हो म्हणायची, आणि तुळशीतली माती पुन्हा उकरून बघायची.

साखरपुड्याला आठ दिवस होते. मी कॉलेजातून आले तर आई दारात, पांढरी फटक. ताई घरात नव्हती. पोपटी साडी नव्हती. बाबांना विक्रोळीला निरोप गेला, ते वॉचमनच्या कपड्यांतच आले, आणि आम्ही दोघं बस पकडून वाकोल्याला गेलो. कुठे जायचं ते मला कुणी विचारलं नाही आणि मला ते नक्की ठाऊक होतं.

प्रकाशच्या चाळीच्या जिन्यात गर्दी होती. बायकांना बाजूला सारत बाबा वर गेले. ताई पायरीवर बसली होती, पोपटी साडी नेसून, कपाळभर कुंकू पसरलेलं, पायांत चप्पल नाही. ती बोलत होती, थांबत नव्हती, आवाज घोगरा झाला होता. "मी सगळ्या फेकल्या, खिडकीतून फेकल्या, तुम्ही म्हणालात ना हात धरतो, धरा ना, मग थांबेल, सगळं थांबेल." आणि तिच्या एक पायरी खाली प्रकाश बसला होता, कामाच्या कपड्यांत, बाजूला न प्यालेला चहाचा ग्लास. त्याचा हात तिच्या हातात होता. बाबांना बघून तो उठला नाही, उठता आलं नाही, तिनं इतका घट्ट धरला होता.

"काका," तो म्हणाला, "मी धरलाय हात. सकाळी दहापासून धरलाय. पण त्या थांबतच नाहीत."

त्या एका वाक्याचं मी आजपर्यंत काही करू शकलेले नाही. माझ्या कादंबरीतला नायक जे करतो ते सगळं त्या माणसानं केलं होतं. भर चाळीत, आईच्या आणि शेजाऱ्यांच्या देखत, चार तास. आणि त्यानं काहीएक झालं नव्हतं.

"कसल्या गोळ्या होत्या त्यांच्या?" त्यानं विचारलं. बाबांनी टोपी काढून हातात घेतली आणि सांगितलं. प्रकाशनं ऐकून घेतलं. मग इतकंच म्हणाला, "आधी सांगायचं होतंत. मी घ्या म्हटलं असतं त्यांना. फेकू दिल्या नसत्या." त्याची आई दारातून म्हणाली, "प्रकाश, घरात ये." बाबा ताईपुढे वाकले, "चल बाय, घराक जावया," आणि एकेक बोट सोडवत त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. तिथून रिक्षानं आम्ही तिला घरी नेलं नाही, सरळ इस्पितळात नेलं.

होकाराचा नारळ परत आला. कुणी भांडलं नाही. प्रकाश एकदा इस्पितळाच्या फाटकापाशी मोसंबी घेऊन आला होता. मला म्हणाला, "तुम्हीच द्या." मी आत या म्हटलं तर नको म्हणाला आणि बसस्टॉपकडे गेला. डॉक्टरांनी आईला विचारलं, औषध बंद कुणी केलं? आई तिथं बाकावर खचून बसली. "माझा चुकला, डाक्टर. कोणाक कळूक नको म्हणून मियाच डबो लपवलंय." मी तिच्या शेजारी उभी होते. माझी चूक आईनं आपल्या पदरात घेतली आणि मी ती घेऊ दिली. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण हे तिला सांगायचं राहिलंच.

ताई दीड महिन्यानं घरी आली. परत हात कापणं, परत खडीसाखर, आवाज खोल गेलेला. डबा आईनं स्वतःच्या हातानं फळीवर ठेवला, अगदी पुढे, मिठाच्या बरणीशेजारी. कुणी आलं-गेलं तरी तो तिथून हलला नाही. एका दुपारी मी आणि ताई गॅलरीत तांदूळ निवडत होतो. खडे शोधायला तिला वेळ लागायचा, पण ती सोडायची नाही. माझ्याच्यानं राहवेना. मी सुपात बघत सांगून टाकलं.

"ताई, एकशे बारा नंबरचा शेवट पुस्तकातला नव्हता. मी रचला होता."

"माहीत आहे."

मी मान वर केली.

"तू कॉलेजात गेलीस की मी काढायची ते पुस्तक," ती म्हणाली. "एका पानाला दोन दोन दिवस लागायचे. अक्षरं पळायची. पण वाचलं. विहिरीत पडते ती."

"मग तरी तू गोळ्या का टाकल्यास?"

तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "दोनच शेवट होते ना गं. विहिरीपेक्षा तुझा बरा होता."

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, गोळ्यांवर असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या रडण्याचं फारसं काही वाटत नाही, किंवा वाटलं तरी वर यायला वेळ लागतो. मग म्हणाली, "नुसती गोळी घेऊन चहा पिणारी कुणी नसते का पुस्तकात? मरत पण नाही, लग्न पण होत नाही, अशी?"

नव्हती. मी सामंतकाकांचं कपाट पालथं घातलं होतं, मला माहीत होतं.

त्या दुपारी आम्ही ती लिहिली. म्हणजे ताईनं सांगितलं आणि मी लिहिलं, वहीच्या एका कागदावर. वरातीचा बाजा ऐकून मुलगी विहिरीपर्यंत जाते आणि तिला फार दमायला होतं, म्हणून कठड्यावर बसते. मग घरी येते. तिची आई काही विचारत नाही, पेज वाढते. दर सोमवारी ती बापाबरोबर डॉक्टरकडे जाते. गोळी घेते. हात कापतात. तांदूळ निवडते. कधी कधी बरं वाटतं. मी म्हटलं, शेवटी निदान नायक रस्त्यात भेटून हसतो असं तरी लिहू. ताई म्हणाली, "नको. त्याचं त्याला असू दे." मी माझा जुना कागद फाडला, नवा खळीनं शेवटच्या पानाला चिकटवला आणि माझं खोटं कुंकू पुसलं. पूर्ण गेलं नाही, गुलाबी डाग राहिला. "नवीन लावू का?" मी विचारलं. "गोड कुठे आहे तो," ताई म्हणाली. पुस्तक मी तसंच नेऊन दिलं. सामंतकाकांनी चष्मा लावून चिकटवलेला कागद पूर्ण वाचला. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी पुस्तक उलटसुलट केलं आणि कपाटात ठेवलं, खालच्या कप्प्यात नव्हे, बायकांच्या हाताशी येईल अशा फळीवर.

दोन महिने गेले असतील. मी दुसरं पुस्तक घ्यायला गेले तर काकांनी एकशे बारा माझ्यापुढे सरकवलं. "मागे बघ," म्हणाले. मधल्या काळात पुस्तक कुणाकुणाकडे जाऊन आलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मागच्या पुठ्ठ्यावर माझ्या गुलाबी डागाशेजारी कुंकवाचं एक ताजं बोट होतं. त्याच्याखाली पेन्सिलीनं, घाईत, कुणीतरी दाराकडे लक्ष ठेवून लिहावं तसं लिहिलं होतं: "हे डॉक्टर कुठे बसतात? सांगाल का?"

मी पुस्तक घेऊन जिने चढत घरी आले. आमच्याच इमारतीतली कुणीतरी. जिच्या घरचा पापडाचा वास आमच्याकडे येतो, जी नळावर माझ्या मागे उभी असते, अशी कुणीतरी. ताई पाटावर बसली होती. मी तिला ती ओळ वाचून दाखवायला लागले, पण तिनं पुस्तकच हातात घेतलं. डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "पेन्सिल दे."

"तू सांग, मी लिहिते."

"नको. मी लिहिणार."

फार वेळ लागला. पेन्सिल दोनदा हातातून पडली. अक्षरं सगळी थरथरलेली, एक वर, एक खाली, टायपिस्ट बाईचं ते अक्षर असं कुणाला खरं वाटलं नसतं. पण वाचता येत होतं. "सरकारी इस्पितळ, सोमवारी, अकरा नंबरची खोली. खूप वेळ बसावं लागतं. डबा घेऊन जा."